पोत्यातले तोरण आणि घरातला अबोला

पत्राचा सारांश : पुण्यातील सिंहगड रस्ता परिसरात राहणाऱ्या एका वाचक भगिनीचे हे पत्र आहे. घरात सासूबाई, पती, नऊ वर्षांची मुलगी आणि त्या स्वतः असे चौघे असून दहा दिवसांचा गणपती आणि उभ्याच्या गौरी असतात. आजवर दोन फुटांची प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती येत असे. गेल्या वर्षी त्यांनी ‘यंदापासून सगळे पर्यावरणपूरक’ असे ठरवले, बियांची गणेशमूर्ती आणि कागदी सजावटीचा संच ऑनलाइन मागवला आणि सासूबाईंनी बारा वर्षे जपलेले प्लास्टिकच्या झेंडूचे तोरण टाकून देण्यासाठी पोत्यात भरले. ‘म्हणजे आमचे सण कचरा होते का?’ असे सासूबाईंनी विचारताच मुलगी म्हणाली, ‘आजी, तुमच्यामुळेच नदी घाण होते.’ तेव्हापासून सणांच्या विषयावर घरात अबोला आहे. दिवाळीत पतीने व्यवसायातील परिचितांना सुकामेव्याच्या चाळीस प्लास्टिक पेट्या नेहमीप्रमाणे पाठवल्या आणि संक्रांतीला या भगिनींच्या घरी वाण म्हणून प्लास्टिकचे तेवीस डबे जमले. ‘यंदा मी आग्रह धरावा की गप्प बसावे?’ असा त्यांचा प्रश्न आहे.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. पहिल्या वाचनात मला नदी आणि कचरा दिसला, तर दुसऱ्या वाचनात तुमच्या मुलीचे ते एक वाक्य मनातून जाईना. नऊ वर्षांच्या मुलीला नदीची काळजी वाटावी, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु ती काळजी तिने आजीला दोषी ठरवण्यासाठी वापरली, याचा सल तुम्हालाही आहे. नाहीतर ते वाक्य तुम्ही इतक्या स्पष्टपणे कळवले नसते. म्हणून आग्रह की मौन या प्रश्नाकडे येण्यापूर्वी मला तुमच्या एका गृहीतकाविषयी लिहायचे आहे. तुमच्या पत्रात घराचे दोन भाग पडले आहेत. एका बाजूला सासूबाई, जुनी पद्धत आणि कचरा आहे. दुसऱ्या बाजूला तुम्ही, नवी पद्धत आणि पर्यावरण. ही विभागणी मला पटत नाही.

त्या तोरणाचेच पाहा. प्लास्टिकची फुले विकत घेणे मला आवडत नाही आणि नव्याने ती कुणी घेऊ नयेत, असेच मी सांगेन. पण जे तोरण बारा वर्षे दरवर्षी काढले, लावले, पुसले आणि परत कागदात गुंडाळून माळ्यावर ठेवले गेले, त्याचे नुकसान बारा वर्षांपूर्वी तयार होतानाच होऊन गेले आहे. आता ते टाकण्याने काहीही वाचत नाही, उलट कधीही न कुजणारी आणखी एक वस्तू वाटेला लागते. तुम्ही मागवलेल्या कागदी सजावटीचा संच मात्र, तुमच्याच लिहिण्यानुसार, बुडबुड्यांच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून मोठ्या खोक्यातून आला, दहा दिवस टिकला आणि पावसाळी हवेने ओलावून फाटला. वस्तू कशाची बनली आहे एवढेच पाहून हिशेब पूर्ण होत नाही. ती किती वेळा वापरली गेली, हेही पाहावे लागते. या हिशेबात सासूबाई तुमच्या पुढे आहेत, हे मी तुम्हाला दुखावण्यासाठी लिहीत नाही. घरातली जी व्यक्ती या कामात तुमची सर्वांत मोठी मदतनीस होऊ शकली असती, तिलाच तुम्ही नकळत विरोधी पक्षात बसवले आहे, असे मला वाटते.

आपल्या सणांची घडण आठवून पाहा. गौरींचे मुखवटे तुमच्या घरी दरवर्षी नवे आणत नाहीत. ते पेटीतून निघतात आणि पुन्हा पेटीत जातात. कोकणस्थांच्या घरी पाणवठ्यावरून पाच किंवा सात खडे आणून त्यांच्याच गौरी बसवतात आणि ते खडे पुन्हा पाण्याकडे परत जातात. त्यात विकत आणलेले काहीच नसते. गणपतीच्या पूजेत ज्या मूर्तीला आपण पार्थिव म्हणतो, त्या शब्दाचा अर्थच पृथ्वीपासून, म्हणजे मातीपासून झालेली असा आहे. सार्वजनिक उत्सवातही, भाऊसाहेब रंगारी गणपतीची १८९२ मध्ये लाकूड आणि भुसा वापरून घडवलेली मूर्ती आजही तीच पूजली जाते, आणि दगडूशेठ हलवाई गणपतीची मोठी मूर्तीही विसर्जित होत नाही. प्लास्टर, थर्माकोल, चकाकीचे कागद आणि पेटीबंद भेटी हे सगळे आपल्या सणांत गेल्या काही दशकांतच शिरले आहे. तुमच्या सासूबाई सत्तरीच्या असतील तर त्यांनी या वस्तू येण्यापूर्वीचे सण स्वतः पाहिले आहेत, केले आहेत. ‘तुमच्या लहानपणी मखर कशाचे करायचे?’ हा प्रश्न तुम्ही त्यांना कधी विचारला आहे का? गेल्या भाद्रपदात तुम्ही सुरुवात घोषणेने केली. यंदा सुरुवात या प्रश्नाने व्हावी, असे मी सुचवेन, आणि तो प्रश्न मुलीने विचारला तर अधिक बरे.

आता मूर्तीचा विषय. येथे मी तुमच्या बाजूने आहे आणि या एका मुद्द्यावर तुम्ही माघार घेऊ नये. प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे भाजलेले जिप्सम. पाणी मिळाले की ते घट्ट होऊन पुन्हा जिप्सम बनते, आणि जिप्सम एक लिटर पाण्यात जेमतेम दोन-अडीच ग्रॅम विरघळते. म्हणजे दोन किलोची मूर्ती पूर्ण विरघळवायची तर आठशे लिटरांहून अधिक पाणी लागेल. बादलीत किंवा संथ पाण्यात ती महिनोन्‌महिने तशीच पडून राहते, आणि तिच्यावरचे रासायनिक रंग मात्र पाण्यात उतरतात. आपल्या नदीला भाद्रपदात धरणातून पाणी सोडले असेल तर मूर्ती डोळ्यांआड जातात इतकेच. त्या नाहीशा होत नाहीत. मुळा-मुठेचे पाणी पुढे भीमेला आणि भीमेचे उजनी धरणात जाते, आणि सोलापूरकर ते पितात. आपल्या विसर्जनाच्या दुसऱ्या टोकाचा माणूस तिथे राहतो, ही गोष्ट पुण्यात फारशी बोलली जात नाही आणि ती बोलली गेली पाहिजे, असे मला फार मनापासून वाटते.

कायद्याविषयी लोकांच्या मनात गोंधळ आहे, म्हणून थोडक्यात सांगते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० च्या सुधारित मार्गदर्शक तत्त्वांत प्लास्टरच्या मूर्तींना मनाई केली. जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा मूर्ती घडवण्यास आणि विकण्यास मुभा दिली, परंतु नैसर्गिक जलस्रोतांत परवानगीशिवाय विसर्जन करू नये, अशी अट घातली. त्यामुळे ‘आता बंदी उठली’ असे कोणी म्हणाले, तर नदीपुरते ते खरे नाही, हे त्यांना नम्रपणे सांगता येईल. थर्माकोलची सजावट मात्र महाराष्ट्रात २०१८ पासून आणि देशभर १ जुलै २०२२ पासून बंदीखाली आहे.

तुमच्यापुढे तीन मार्ग आहेत. पहिला मार्ग धातूच्या कायमच्या मूर्तीचा. देवघरात पितळेची किंवा चांदीची मूर्ती आधीपासून असेल तर तीच बसवून, विसर्जनासाठी सुपारीचा गणपती ठेवण्याची पद्धत अनेक घरांत आहे. मात्र त्यासाठी नवी मोठी धातूची मूर्ती खरेदी करणे मला आवश्यक वाटत नाही, कारण खाणीतून निघून वितळून घडलेली वस्तू पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेली तरच तिचे सार्थक होते. दुसरा मार्ग बियांच्या मूर्तीचा. तो वाईट नाही, पण सासूबाईंना खटकलेली गोष्ट मी समजू शकते. ज्या मूर्तीपुढे दहा दिवस आरती केली, ती कुंडीत बसवून तिच्यावर पाणी घालत राहणे त्यांना निरोपासारखे वाटले नसेल. अनंत चतुर्दशीच्या संध्याकाळी दारातून बाहेर पडणारी मूर्ती, हातावरचे दही आणि पुढच्या वर्षी लवकर या म्हणतानाचा भरून आलेला गळा, हा त्या सणाचा गाभा आहे, आणि तो काढून घेतला तर उरलेले सगळे कितीही निसर्गस्नेही असले तरी त्यांना पोकळ वाटणार.

म्हणून तुमच्या घरासाठी मला तिसरा मार्ग योग्य वाटतो : शाडूची, वीतभर किंवा थोडी मोठी मूर्ती आणि घरीच विधिवत विसर्जन. शाडूलाही दोष नाहीत असे नाही. तीही खाणीतून काढलेली माती आहे, तिचा मोठा भाग गुजरातेतून येतो आणि हजारो मूर्तींची माती एकाच जागी पाण्यात गेली तर तळाशी गाळ साचतो. पण तिच्याकडे एक गुण आहे, जो प्लास्टरकडे नाही. न भाजलेली माती काही तासांत पाण्यात बसते, वाळते आणि पुन्हा मळता येते. पुण्यात ‘पुनरावर्तन’ नावाची मोहीम हीच माती गोळा करून मूर्तिकारांना परत देते. घरच्या बादलीत विसर्जन केल्यावर माती तळाशी बसू द्यावी, वरचे पाणी अलगद काढावे आणि माती कापडावर वाळवून दिलेल्या जागी पोहोचवावी किंवा पुढच्या वर्षासाठी ठेवावी. ती मोरीत ओतू नये, नळ तुंबतो. कुंडीत घालायची असेल तर थोडीच, आणि कंपोस्टमध्ये मिसळून; नुसती शाडू घातली तर कुंडीतले पाणी निचरत नाही आणि रोपाची मुळे कुजतात.

दोन फुटांवरून वीतभर मूर्तीवर येण्याला पतीची हरकत आहे, असे तुम्ही लिहिले आहे. मूर्ती एकदा मोठी आणली की ती लहान करू नये, असे अनेकांना वाटते, आणि त्या भावनेवर वाद घालून काही निष्पन्न होत नाही. तुमच्याकडे पूजा सांगायला येणाऱ्या गुरुजींना हा प्रश्न सासूबाईंनीच विचारावा, अशी व्यवस्था करा. आकार कमी करायचा ठरला तर मखराची उंची तीच ठेवून मूर्ती थोड्या उंच चौरंगावर बसवली की रिकामे वाटत नाही. ही अगदी साधी गोष्ट आहे, पण माझ्या ओळखीच्या दोन घरांतला वाद तेवढ्यानेच मिटला.

खरेदीला जाताना एक सावधगिरी बाळगा. शाडू म्हणून प्लास्टर विकले जाते. त्याच आकाराच्या दोन मूर्ती हातात घेतल्या तर शाडूची नक्की जड लागते. तळाच्या रंग न दिलेल्या भागावर ओले बोट थोडा वेळ घासले तर शाडूची माती बोटाला येते, प्लास्टर तसेच टणक राहते. चांगले मूर्तिकार श्रावण लागण्यापूर्वीच नोंदणी घेतात, त्यामुळे शेवटच्या आठवड्यात शाडूची हवी तशी मूर्ती मिळेल, या भरवशावर राहू नका. आणि कोणत्याही कारणाने यंदा प्लास्टरचीच मूर्ती आली, तर ती नदीत न नेता महापालिकेच्या हौदात द्या. मानाच्या गणपतींचे विसर्जनही अलीकडे हौदांत होते, त्यामुळे त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात प्लास्टर विरघळवण्याची पद्धत दाखवून दिली आहे. त्यातून खडूसारखे कॅल्शियम कार्बोनेट तळाशी बसते आणि वर उरणाऱ्या पाण्यात अमोनियम सल्फेट हे खत असते. महापालिकेने या बायकार्बोनेटची पावडर नागरिकांना विनामूल्य वाटलेली आहे. ते पाणी झाडांना मात्र भरपूर पातळ करूनच द्यावे.

निर्माल्याबाबत तुम्ही काही विचारलेले नाही, पण दहा दिवसांच्या गणपतीत ते खूप साचते, म्हणून लिहिते. हारातला दोरा, चमकी आणि प्लास्टिकची पिशवी वेगळी केली की उरलेले सगळे उत्तम खत होते. घाटांवर ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या सदस्या वर्षानुवर्षे विसर्जनाच्या दिवशी निर्माल्य वेगळे घेतात. त्या रात्री उशिरापर्यंत आपल्या हारांतले प्लास्टिक हातांनी सोडवत असतात. आपण घरीच ते सोडवून दिले, तर त्यांचे तेवढे श्रम वाचतात. पत्रीसाठी टेकडीवरची झाडे ओरबाडलेली विकत घेण्यापेक्षा सोसायटीच्या बागेतली दूर्वा, जास्वंद, तुळस आणि आघाडा यांवर भागवावे, आणि दसऱ्याला आपट्याची अख्खी फांदी न तोडता एकेक पान द्यावे. कोणते पान कोणत्या झाडाचे, हे तुमच्या मुलीला तिची आजी दाखवू शकेल.

दिवाळीच्या चाळीस पेट्यांबद्दल तुम्ही पतीवर रागावला आहात, पण तो राग थोडा बाजूला ठेवून त्यांची अडचण पाहा. व्यवसायात भेट न पाठवणे हा संबंध तोडल्याचा संकेत समजला जाईल, ही त्यांची भीती खोटी नाही. भेट बंद करा असे म्हणण्याऐवजी, तोच सुकामेवा कापडी बटव्यात किंवा कागदी पिशवीत द्यावा, असे सुचवा. सोबत चार ओळी हाताने लिहिलेल्या असाव्यात. प्लास्टिकचा साचा, चकाकता कागद आणि रिबीन यांची किंमत वाचल्यावर त्याच पैशांत मेवा थोडा अधिक देता येतो, आणि व्यवसाय करणाऱ्या माणसाला हा हिशेब समजतो. बटवे महिला बचत गटाकडून शिवून घ्यायचे असतील तर नवरात्राच्या आधीच सांगावे लागते. चाळीसपैकी किती नावे केवळ मागच्या वर्षीच्या यादीत होती म्हणून राहिली आहेत, हेही दोघांनी एकत्र बसून पाहावे. पणत्या कुंभारवेशीतून घ्याव्यात आणि गेल्या वर्षीच्या असतील तर धुऊन त्याच लावाव्यात. फटाक्यांबाबत एवढेच सांगते, की हरित म्हणून विकल्या जाणाऱ्या फटाक्यांतून कणप्रदूषण साधारण ३० टक्क्यांनीच कमी होते. मुलगी आपणहून नको म्हणत असेल तर उत्तमच. तिने शेजारच्या मुलांना मात्र त्यावरून बोल लावू नयेत, हे तिला तुम्हीच समजावावे.

संक्रांतीच्या वाणाविषयी मला विशेष आस्था आहे, कारण हा सण पूर्णपणे बायकांच्या हातात आहे आणि तो बदलण्यासाठी कुणाच्या परवानगीची गरज नाही. वाण लुटणे म्हणजे आपल्याजवळचे आनंदाने वाटून टाकणे. दहा रुपयांचा डबा जो घेणारीलाही नको असतो, त्यात तो आनंद कसा असेल? त्या डब्यांचे झाकण दुसऱ्या महिन्यात तुटते, मग ते उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या दिशेने जातात, जिथल्या लोकांनी आपल्या शहराचा कचरा वर्षानुवर्षे सोसला आहे. तुमच्याकडचे तेवीस डबे टाकू नका, जे धड आहेत त्यांत तुमच्या सोसायटीच्या सुरक्षारक्षकांना आणि घरकाम करणाऱ्या ताईंना दिवाळीचा फराळ भरून द्या. यंदाच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून मूठभर तीळ, धणे-जिरे, घरची हळद, गुळाची लहान ढेप किंवा मेथीचे बी कागदाच्या पुडीत द्या. सोसायटीतल्या चार-पाच जणींशी मार्गशीर्षातच बोलून ठेवलेत तर सगळ्या मिळून तसे करतील. एकटीने केले तर कंजूषपणा वाटेल अशी जी भीती असते, ती चौघींनी केल्यावर राहत नाही.

एवढे सगळे यंदाच करायला घेऊ नका. तुमच्या घराच्या बाबतीत मूर्ती हा खरा जड विषय आहे, तो यंदा सोडवा. दिवाळीच्या भेटी दुसऱ्या क्रमांकावर. बाकी बारीकसारीक गोष्टींत सासूबाईंना हवे तसे होऊ द्या, विजेच्या जुन्या माळा लावू द्या, नैवेद्याचा घाट त्यांच्या पद्धतीने होऊ द्या. आग्रह आणि मौन यांच्यामध्ये अशी जागा असते, जिथे आपण एका गोष्टीवर ठाम राहतो आणि दहा गोष्टी आनंदाने दुसऱ्यावर सोपवतो. तुम्ही गेल्या वर्षी अकरा गोष्टींवर एकदम ठाम राहिलात.

मुलीशी बोलताना तिची काळजी खोटी ठरवू नका. नदी घाण झाली आहे, हे तिला दिसते आहे, आणि ते खरेच आहे. मात्र ती एकट्या आजीने घाण केलेली नाही, आई-बाबांच्या खरेदीतूनही ती झाली आहे, हे तिला तुम्ही स्वतःच्या तोंडाने सांगायला हवे. आजीसमोर सांगितलेत तर आणखी चांगले.

ते पोते अजून कोरड्या बाल्कनीत आहे, असे तुम्ही लिहिले आहे, हे वाचून मला फार बरे वाटले. या रविवारी ते उघडा. कोमट पाण्यात थोडा साबण घालून तोरण धुवा, सावलीत वाळवा आणि तुटलेली फुले ओवायला सासूबाईंना सुई-दोरा द्या. मूर्तीची गोष्ट त्या दिवशी काढू नका. आठ-पंधरा दिवसांनी, आषाढ सरण्याआधी, मूर्ती सांगायला कुंभारवाड्यात जाताना त्यांनाही बरोबर घ्या, सकाळी लवकर निघा, आणि शाडू ओळखण्यासाठी ओले बोट तळाला त्यांनाच लावू द्या.